बांगडी हाताच्या मापाची



लोणच्यावर बुरशी का येते, सासूबाईंच्या गुडघ्याला कोणता शेक द्यावा, दहावीतल्या मुलाला पहाटे कसे उठवावे, असे प्रश्न या सदराकडे नेहमी येतात आणि त्यांची उत्तरे द्यायला मलाही आवडते. पण अधूनमधून एखादे पत्र असे येते की त्यावर नाव नसते, गावाचे नाव अर्धवट असते आणि शेवटी लिहिलेले असते, "ताई, छापू नका, नुसतं उत्तर द्या." आता न छापता उत्तर द्यायचे तरी कसे? म्हणून पत्र बाजूला ठेवते आणि उत्तर छापते. कारण हा प्रश्न एकीचा नाही.

प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला बरीच वर्षे झालेली, दोन मुलांची आई. नवऱ्याने हौसेने मोबाइलवरून एक लहानसे यंत्र मागवले. खोक्यावर 'मसाजर' असे लिहिलेले. नवरा-बायकोच्या एकांतात वापरायचे, कंपन करणारे, म्हणजेच व्हायब्रेटर. ती लिहिते, "पहिल्यांदा लावलं तर झिणझिण्या येऊन दुखायलाच लागलं. दुसऱ्यांदा काही कळेचना. हे म्हणतात, सगळ्या बायकांना आवडतं, तुलाच काय झालं? माझ्यातच काही कमी आहे का?"

नाही, बाई. तुमच्यात काहीही कमी नाही. वस्तू तुमच्या मापाची नव्हती, किंवा वापरायची रीत तुमच्या अंगाची नव्हती, एवढेच.

कासाराकडे बांगड्या भरायला बसतो तेव्हा तो आधी काय करतो? आपला हात हातात घेऊन दाबून पाहतो. हाड रुंद आहे का, अंगठ्याखालचा मांसल भाग मऊ आहे की कडक, हे बघतो आणि मग दोन-चार, दोन-सहा की दोन-आठ ते ठरवतो. शेजारणीच्या मापाची बांगडी आपल्या हातात शिरली नाही तर हात बिघडला असे कोणी म्हणत नाही. बांगडी बदलतात. मनगटाला जो न्याय, तोच या नाजूक जागेला. आजचे सगळे सांगणे इतकेच आहे. बाकीचा मजकूर म्हणजे माप कसे घ्यायचे त्याची रीत.

घरगुती साप्ताहिकात हे कशाला?

असे विचारणाऱ्या भगिनी असतील, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवीत. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यात सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्यांच्या हातून गुन्हा घडला तो एवढाच! १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे, हे मत दोघांनीही सोडले नाही.

या गोष्टीला नव्वदीच्या वर वर्षे झाली. आज वस्तूचे पार्सल तालुक्याच्या गावी घरपोच येते, पण वस्तूबरोबर यायला हवी ती माहिती येत नाही. ती कुठेतरी द्यायला हवी की नको? शाळेत शरीराचा धडा शिकवतानासुद्धा गर्भाशय, बीजांडकोश ही नावे मुली पाठ करतात, कारण ती परीक्षेत येतात. ज्या अवयवाचे काम नुसते सुख देणे, त्याचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. मग लग्नानंतर पंधरा वर्षांनीही बाईला तो आपल्याच अंगावर कुठे आहे ते ठाऊक नसते.

आधी शरीर ओळखा

त्या अवयवाचे नाव शिश्निका. आतले दोन ओठ वर जिथे एकत्र मिळतात तिथे, लघवीच्या जागेच्या वरच्या बाजूला, कातडीच्या लहानशा टोपीखाली वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान उंचवटा असतो. दिसतो तो फक्त शेंडा. उरलेला अवयव आत दोन पायांसारखा पसरलेला असतो आणि योनिमार्गाला दोन्ही बाजूंनी धरून असतो. ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनाने हे नीट मांडले, तोवर बऱ्याच वैद्यकीय पुस्तकांतही हा अवयव अपुराच काढलेला असे. २०२२ साली अमेरिकेतल्या एका तपासणीत या एवढ्याशा जागेकडे येणारे दहा हजारांहून अधिक मज्जातंतू मोजले गेले. एवढ्याशा जागेत एवढ्या तारा असतील, तर तिथे जोरात यंत्र टेकवल्यावर झोंबेल नाहीतर काय होईल?

आता मापांचे पाहा. २००५ साली लंडनच्या डॉक्टरांनी पन्नास निरोगी स्त्रियांची मापे घेतली. शिश्निकेच्या शेंड्याची रुंदी कोणाची ३ मिलिमीटर, तर कोणाची १०. शिश्निकेपासून लघवीच्या जागेपर्यंतचे अंतर १६ मिलिमीटरपासून ४५ पर्यंत. आतल्या ओठांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० पर्यंत. योनिमार्गाची लांबी साडेसहा सेंटिमीटरपासून साडेबारापर्यंत, म्हणजे एकीची दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. अवघ्या पन्नास जणींत एवढा फरक, आणि सगळ्या निरोगी. ओठ लांब आहेत, एक मोठा एक लहान आहे, रंग सावळा आहे, म्हणून मनात खंत धरणाऱ्या बहिणींनी ही ओळ पुन्हा वाचावी.

ही मापे न मानल्याने काय होते, त्याची एक दुःखद कथा आहे. नेपोलियनच्या घराण्यातल्या राजकन्या मारी बोनापार्त यांना पतिसहवासात तृप्ती मिळत नसे. त्यांनी टोपणनावाने १९२४ साली एक लेख लिहिला. त्यासाठी २४३ स्त्रियांची मापे तपासली होती. शिश्निका आणि योनिमुख यांतले अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर नुसत्या संभोगातून तृप्ती मिळणे अवघड जाते, असा त्यांचा निष्कर्ष. २०११ साली दोन अमेरिकन संशोधकांनी ते जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा असा काही संबंध त्यांनाही दिसला. म्हणजे बाईचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पण त्यावर त्यांनी उपाय काय करावा? शस्त्रक्रिया करून शिश्निकाच खाली सरकवून घेतली, आणि तीही एकदा नव्हे. गुण काहीच आला नाही. हात बांगडीत जात नाही म्हणून हातच तासायचा, असा तो प्रकार झाला.

आणि हे अपवादाचे असते तर गोष्ट वेगळी. २०१८ साली अमेरिकेत हजारावर स्त्रियांना विचारले, तेव्हा नुसत्या संभोगाने तृप्ती होते असे सांगणाऱ्या शंभरात सुमारे अठराच निघाल्या. बाकी बहुतेकींना हाताचा, कशाचा ना कशाचा बाहेरून स्पर्श लागत होता किंवा त्याने अधिक बरे वाटत होते. तेव्हा 'मला वेगळे काही लागते' हा दोष नव्हे. बहुतेक बायकांचे तेच आहे.

संवेदना कायम एकसारखी नसते

माप एकवेळ तेच राहील, पण कळण्याची शक्ती बदलत असते. पाळीच्या आधी एखादीला स्पर्शच नको वाटतो, एखादीला उलट. बाळ अंगावर पीत असते तेव्हा संप्रेरके कमी झाल्याने योनीत कोरडेपणा येतो. पाळी जाताना आणि गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, ओलावा कमी होतो. पूर्वी आवडलेले कंपन आता टोचू लागते, किंवा पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मधुमेह फार वर्षांचा असेल तर पायांप्रमाणे तिथलीही जाणीव मंदावू शकते. नैराश्याच्या काही गोळ्यांनी तृप्तीला उशीर लागतो. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

आणि मनाचे? दिवसभर पाहुणे, उद्या मुलांचा पेपर, बाजूच्या खोलीत सासरे खोकताहेत. अशा रात्री जगातले सगळ्यात महाग यंत्रही काही करू शकत नाही. त्याला यंत्र काय करील आणि तुम्ही तरी काय कराल?

माप घ्यायची रीत

वस्तू मागवण्याआधी स्वतःचा हात पुरे. दार लावून, घाई नसताना, स्वच्छ हाताने, नखे कापून. एक लहान आरसा घेऊन पाहिले तर उत्तम. शिश्निकेभोवती घड्याळाची तबकडी आहे असे समजा. बाराच्या जागी टोपी. बारा, तीन, सहा, नऊ असे बोट हळू फिरवून पाहा. बहुतेकींना एक बाजू दुसरीपेक्षा जास्त कळते. कोणाला शेंड्यावर थेट स्पर्श सोसत नाही, टोपीवरून किंवा बाजूच्या ओठावरून बरा वाटतो. कोणाला हलका स्पर्श गुदगुल्यांसारखा लागतो आणि तळव्याचा सपाट दाब हवासा वाटतो. तीन गोष्टी ध्यानात ठेवा: जागा कोणती, दाब किती, वेळ किती. हे तुमचे माप. वस्तूची निवड त्यावरून करायची.

*शेंडा फार हळवा असेल तर :* टोकदार वस्तू नको. रुंद, सपाट तोंडाची, मऊ आवरणाची घ्या. सुरुवातीला चड्डीवरून किंवा दुहेरी सुती कापडावरून, सगळ्यात कमी वेगावर, शेंड्यापासून दोन बोटे दूर लावा. सोसेल तशी जवळ आणा. थेट वर नेलीच पाहिजे असे नाही.

*फारसे कळत नसेल तर :* लगेच वेग वाढवू नका. कंपनाचेही दोन प्रकार असतात. एक मिक्सरसारखे बारीक, भुणभुणते, ते कातडीवरच राहते आणि थोड्या वेळाने जागा बधिर करते. दुसरे पिठाच्या गिरणीसारखे जड, घुमणारे, ते आत पोचते. कमी कळणाऱ्या बायकांना बहुधा दुसरे मानवते. हातात धरून पाहा. कंपन मनगटापर्यंत घुमले तर दुसरे, नुसती बोटे झिणझिणली तर पहिले.

*हवेच्या ओढीचे यंत्र :* हल्ली अशीही यंत्रे निघाली आहेत. त्यांचे लहान तोंड शिश्निकेभोवती टेकवायचे असते. इथे माप फारच महत्त्वाचे. शेंड्याची रुंदी ३ मिलिमीटर असणारीला आणि १० असणारीला एकच तोंड कसे बसणार? कडा टोचत असेल तर तोंड लहान पडते आहे. काहीच जाणवत नसेल तर कडा नीट टेकत नाही. ओठ हाताने बाजूला धरून एकदा पाहा. तरीही जमले नाही तर तो प्रकार तुमचा नाही.

*दोन फांद्यांचे यंत्र :* एक फांदी आत, एक बाहेर, अशी घडण. दिसायला युक्तीची, पण दोन्ही फांद्यांतले अंतर कारखान्यात ठरलेले असते. तुमचे अंतर कमी-जास्त असले की आतली बसते तेव्हा बाहेरची भलत्याच जागी लागते. मैत्रिणीला 'फार छान' वाटलेली वस्तू तुम्हाला निरुपयोगी ठरते, याचे एक कारण हे आहे. फांदी वाकणारी असेल तर ठीक, नाहीतर दोन कामांना दोन वेगळ्या वस्तू बऱ्या. अनेकींना आत काही लागतच नाही.

*आत घ्यायचे असेल तर :* लांबीचा हव्यास नको. मघाची मापे आठवा. वस्तूची लांबी कितीही असो, जिथे 'आता पुरे' वाटेल तिथे थांबायचे. आत खोलवर टोचल्यासारखे दुखते ते बहुधा गर्भाशयाच्या मुखाला धक्का लागल्याने. जाडी बोटाएवढीपासून सुरू करा, पुरेसा ओलावा असल्याशिवाय काहीही आत घालू नका.

*हात पोचत नसेल, सांधे आखडत असतील, पोट सुटलेले असेल तर :* लांब दांड्याचे यंत्र घ्या, कमरेखाली उशी घ्या, किंवा कुशीवर व्हा. बाळंतपणानंतर आणि संधिवातात याचा फार उपयोग होतो.

एका जागी एकसारखे दहा-पंधरा मिनिटे लावून ठेवू नका. मध्ये थांबा, जागा बदला. जागा बधिर झाली तर घाबरू नका, थोड्या वेळात पूर्ववत होते. 'सवय लागून तिथली जाणीव कायमची जाते' अशी भीती बऱ्याच जणी लिहितात. त्याला आधार नाही. २००९ साली अमेरिकेत २०५६ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्र वापरणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के स्त्रियांना कधीच कसलाही त्रास झाला नव्हता.

वस्तू कसली, निगा कशी

भांडे घेताना आपण कल्हई बघतो, जाडी बघतो. इथे त्याहून जास्त बघा. चांगल्या प्रतीचे सिलिकॉन, स्टेनलेस स्टील किंवा कडक, गुळगुळीत प्लास्टिक चालते. चिकट लागणारे, रबराचा उग्र वास मारणारे, स्वस्त जेलीसारखे काही असेल तर परत पाठवा. त्यात बारीक छिद्रे असतात, कितीही धुतले तरी घाण राहते.

वापरण्याआधी आणि नंतर साध्या साबणाने, कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून सुती पिशवीत ठेवायचे. यंत्र पाण्यात चालणारे नसेल तर चार्जिंगच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. मोटार नसलेली शुद्ध सिलिकॉनची किंवा स्टीलची वस्तू उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवली तरी चालते. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशा कपाटात, कुलपात ठेवा. एकत्र कुटुंबात आवाजाची काळजी असतेच. आधी बंद खोलीत चालू करून दाराबाहेरून ऐकून पाहा, म्हणजे मन निश्चिंत होते.

मागच्या जागेला लावलेली वस्तू धुतल्याशिवाय पुढे कधीही लावू नका, जंतुसंसर्ग होतो. मागच्या जागेसाठी रुंद बूड नसलेली वस्तू तर मुळीच नको, आत सरकून बसली की दवाखानाच गाठावा लागतो. आणि काकडी, बॅटरी, लाटण्याची मूठ असले प्रयोग कृपा करून करू नका. त्या वस्तू त्यासाठी घडवलेल्या नाहीत. मोडतात, सोलतात, जखम करतात.

ओलाव्यासाठी औषधाच्या दुकानात पाण्याचा आधार असलेली जेल मिळते. सिलिकॉनच्या वस्तूबरोबर हीच वापरा. सिलिकॉनची जेल सिलिकॉनच्या वस्तूला खराब करू शकते. खोबरेल तेल आपल्या घरात हाताशी असते, पण निरोध वापरत असाल तर तेल, व्हॅसलीन, तूप काहीच नको, निरोधाचे रबर कमजोर होऊन फाटते. सुवासिक, थंडावा देणाऱ्या, 'गरम' करणाऱ्या जेल हळव्या त्वचेला झोंबतात.

आपला हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा. वसमतच्या हळदीला नाव आहे, आणि आपल्याकडे कापले, भाजले, सुजले की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. पण तिथे हळद लावू नका, तुरटीचे पाणी नको, डेटॉल नको, साबणाने आतून धुणेही नको. आतली जागा स्वतःची स्वच्छता स्वतः करते. बाहेरून साधे पाणी पुरे.

घरच्यांशी बोलणे

घरचे म्हणजे इथे नवरा, दुसरे कोणी नाही. "सगळ्यांना आवडतं, तुलाच काय झालं?" असे म्हणणारा नवरा बहुधा वाईट नसतो, त्यालाही कोणी काही सांगितलेले नसते. त्याला ही मापे वाचून दाखवा. यंत्र त्याच्या हातात असेल तर तुमचा हात त्याच्या हातावर ठेवा आणि तीन शब्द ठरवून घ्या: 'इथे', 'हळू', 'थांब'. 'थांब' म्हटले की थांबायचे, 'का' विचारायचे नाही. मूठ दाबण्याची खूण ठरवली तरी चालेल, कारण पुष्कळ जणींना त्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाही.

काही नवऱ्यांना यंत्र पाहून कमीपणा वाटतो. त्यांना सांगा, चष्मा लावला म्हणून डोळे नापास होत नाहीत. काही उलट असतात, बायकोला नको असताना आग्रह धरतात. तेव्हा स्पष्ट नाही म्हणा. तिच्या सुखासाठी म्हणून आणलेल्या वस्तूची तिच्यावर सक्ती होत असेल, तर ती वस्तू तिच्यासाठी आणलेलीच नव्हती. आणि जिला यातले काहीच नको असेल तिने न्यूनगंड धरू नये. बांगड्या न भरणाऱ्या हातालाही आपण हातच म्हणतो.

डॉक्टरांकडे केव्हा

बाळंतपणानंतर टाके भरेपर्यंत आणि अंगावरून जाणे थांबेपर्यंत, साधारण सहा आठवडे, आत काही नको. गरोदरपणी रक्त गेले असेल, वार खाली असल्याचे सांगितले असेल, तर विचारल्याशिवाय काहीच नको. संबंधानंतर रक्त दिसले, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसले, तर वस्तूला दोष देत बसू नका, लगेच तपासून घ्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खूण तीही असू शकते. दुर्गंधीचे पांढरे जाणे, खाज, लघवीची जळजळ, फोड, पूर्वी नसलेली वेदना, यांसाठीही तेच.

एक वेगळा त्रास आहे. काहींच्या योनीचे स्नायू इच्छा असूनही घट्ट आवळतात, बोटही जात नाही. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. ती नखरेबाजी नव्हे, तो आजार आहे आणि बरा होतो. स्नायू सैल करण्याचे व्यायाम आणि बारीकपासून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या, ज्यांना डायलेटर म्हणतात, यांचा उपयोग होतो. मात्र डॉक्टरांच्या सांगण्याने. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावरही योनीत लावायचे संप्रेरकाचे मलम असते, तेही त्यांना विचारूनच. जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जाऊन सांगायला लाज वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि नुसती पुढे करा. 'संबंधाच्या वेळी दुखते' एवढे तीन शब्द पुरतात.

कायद्याचे काय?

हा प्रश्न नवरे विचारतात! स्वतःच्या घरात स्वतःच्या वापरासाठी अशी वस्तू ठेवणे गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. बंधन आहे ते अश्लील वस्तूंच्या विक्रीवर आणि प्रदर्शनावर. मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २०२२ साली परदेशातून आलेले बॉडी मसाजर अश्लील म्हणून जप्त केले होते. २०२३ साली न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, बॉडी मसाजर हे बंदी असलेल्या वस्तूंत मोडत नाहीत, असे सांगून सरकारचे अपील फेटाळले. मागवताना खोक्यावर नाव नको असेल तर तसे विचारून घ्या. पार्सल कोणाच्या हाती पडेल तेही आधीच पाहा, नाहीतर जाऊबाई उघडायच्या!

थोडक्यात उत्तरे

*एक वाचक, कळमनुरी :* तांबी बसवलेली असताना बाहेरून यंत्र वापरल्याने तांबीला काही होत नाही. दोरा हाताला लागेनासा झाला किंवा लांबला तर मात्र दाखवून घ्या.

*एक भगिनी, सेनगाव :* गर्भपिशवी काढल्यावर 'आता काय उरलं' असे लिहिले आहे. पुष्कळ उरले आहे. शिश्निका जागच्या जागी असते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की पुन्हा पहिल्यापासून माप घ्या. बीजांडकोशही काढले असतील तर कोरडेपणा येतो, त्यावर उपाय आहेत.

*वसमतची मैत्रीण :* वयाच्या बावन्नाव्या वर्षी असले विचारणे शोभते का, असे तुम्ही लिहिता. हिरवा चुडा कोणत्या वयात शोभत नाही? माप घ्या आणि भरा.